एएचटी उतरला, तरी क्लायंट नाराज का?

ऐरोलीच्या कॉल सेंटरमधून ब्रिटिश ग्राहकांच्या बिलांच्या तक्रारी हाताळताना सरासरी कॉल-वेळ, म्हणजे एएचटी, सहा मिनिटांवर आणूनही क्लायंट नाराज आहे, हे आपण लिहिलेले वाचून मला महापे येथील कॉल सेंटरमधली माझी दोन वर्षे आठवली.

मी तेव्हा ऑपरेशन्स मॅनेजर होतो आणि टीम लीडरांचा इन्सेंटिव्ह मी एकट्या एएचटीला जोडला, ही माझी सर्वांत महाग पडलेली चूक. सहा मिनिटे होत आली की स्क्रीनवरचा आकडा लाल होई आणि मुले ग्राहकाचे बोलणे अर्ध्यावर तोडून कॉल ट्रान्स्फर करत. एका रात्री मी एकाच वृद्ध बाईंची चार रेकॉर्डिंग सलग ऐकली. एकच बिल दोनदा कापले गेले होते, एवढीच तक्रार. चौथ्या वेळी त्या कोणी विचारण्याआधीच खाते क्रमांक सांगू लागल्या. चारही कॉल सहा मिनिटांच्या आतले, म्हणून आमच्या शीटमध्ये चारही हिरवे.

क्लायंटच्या परदेशातील एका कार्यालयाला हे कळवले, तर तीन महिने प्रत्येक मेलला कॉलच्या लांबीचे करारातील तेच कलम उत्तरादाखल येत राहिले. ज्यांनी एकही कॉल ऐकला नव्हता त्यांनी कॉलची लांबी ठरवावी, याचा मला आजही संताप येतो, कारण त्या काळात माझी अनुभवी मुले सोडून गेली.

माझे ठाम मत असे, की एएचटीवर लक्ष ठेवावे, पण बक्षीस तक्रार पहिल्याच कॉलमध्ये सुटण्यावर द्यावे आणि लहान परताव्याचा अधिकार टीम लीडरकडे असावा. शांघायच्या सीट्रिप या प्रवाससेवा कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये घरून कामाचा नऊ महिन्यांचा प्रयोग झाला, तेव्हा कामगिरी 13 टक्के वाढली. या 13 पैकी 9 टक्के वाढ आजारपणाच्या रजा आणि मधली विश्रांती कमी झाल्याने आली. घड्याळ दाखवून दटावण्यापेक्षा कामाची मांडणी अधिक देते, असा मी त्याचा अर्थ लावतो. बँकिंग किंवा आरोग्यसेवेच्या कॉलच्या कामात नियम वेगळे असतात, तेथे माझा अनुभव नाही.

 

आमचे कलम अखेर बदलले ते मेलने नव्हे, तर कॅलिब्रेशनच्या, म्हणजे क्लायंटसोबत कॉल ऐकून त्यांचा दर्जा ठरवण्याच्या, बैठकीत मी त्या बाईंचे चारही कॉल एकापाठोपाठ एक लावले तेव्हा. आपणही पुढच्या बैठकीत शीट उघडण्याआधी तसेच करा.