केमोथेरपी कक्षातील परिचारिकेने आधी काय शिकावे?

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयात जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) झालेली परिचारिका आहे. नुकतीच माझी नेमणूक केमोथेरपीच्या डे-केअर कक्षात झाली आहे. सलाईन लावण्याचा अनुभव आहे, परंतु कर्करोगाच्या औषधांचे वेगळे प्रशिक्षण झालेले नाही. उपचारांतील गुंतागुंत टळावी म्हणून मी सर्वांत आधी काय शिकावे?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : भारतीय परिचर्या परिषदेचा कर्करोग परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे, रुग्णालयाने रजा दिल्यास तो अवश्य करावा. मात्र रुग्ण उद्या सकाळीच आपल्यासमोर बसणार आहे, म्हणून शिरेबाहेर झिरपणारे औषध आणि घरी गेल्यावर येणारा ताप, या दोन गोष्टी आधी पक्क्या कराव्यात.

डॉक्सोरुबिसिन किंवा व्हिन्क्रिस्टिन यांसारखे केमोथेरपीचे औषध शिरेबाहेर गेले, तर तेथील मांस मरून जखम खोलवर जाऊ शकते. साध्या सलाईनला सूज आली की सुई काढून दुसरीकडे लावण्याची आपली सवय येथे मोडावी लागते. "सिस्टर, हात चुरचुरतोय," असे रुग्णाने म्हणताच औषध थांबवावे, सुई जागेवरच ठेवून सिरिंजने जेवढे औषध परत ओढता येईल तेवढे ओढावे, मगच ती काढावी आणि डॉक्टरांना बोलवावे. ती जागा दाबू किंवा चोळू नये. डॉक्सोरुबिसिनसाठी थंड शेक आणि व्हिन्क्रिस्टिनसाठी गरम, हा फरक कक्षात ठळक लिहून लावावा. औषध थांबवण्यासाठी डॉक्टरांच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये, असा लेखी अधिकार परिचारिकेला मिळालाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

ताप अधिक फसवा असतो. बहुतेक केमोथेरपीनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या सुमारास रक्तातील, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि तेव्हा रुग्ण आपल्या कक्षात नसून चंदगडला किंवा गगनबावड्याला घरी असतो. पेशीच कमी असल्याने पू, लाली अशा जंतुसंसर्गाच्या नेहमीच्या खुणा दिसत नाहीत. अनेकदा ताप हीच एकमेव खूण असते, आणि मेडिकलमधून आणलेल्या पॅरासिटामॉलने तीही झाकली जाते. म्हणून १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर रात्र असली तरी फोन करून निघायचे, हे घरच्यांच्या मनावर ठसवावे. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभराच्या आत शिरेतून प्रतिजैविक सुरू होणे अपेक्षित असते.

हे समजावण्याची पद्धतही शिकावी लागते. "समजलं ना?" असे विचारले की सगळे "हो" म्हणतात. त्याऐवजी सोबतच्या माणसाला थर्मामीटर वाचायला लावावे, रात्री ताप आला तर काय कराल, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे आणि केमोथेरपीची तारीख व औषधे लिहिलेले पत्र त्याच्या हाती द्यावे; गावाजवळच्या डॉक्टरांना रुग्णाचा इतिहास ठाऊक नसतो. रात्रीचा तो फोन कोण उचलणार, हे आपल्या मेट्रनशी बोलून याच आठवड्यात ठरवून घ्यावे.