‘आनंदी’ या नावाचा उगम आणि अर्थ काय आहे? आज मुलीला हे नाव ठेवावे का?

आपला प्रश्न असा आहे की, मुलीचे नाव ‘आनंदी’ ठेवायचे आपल्या मनात आहे. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना ते जुनाट वाटते आणि ‘ध चा मा’ करणाऱ्या आनंदीबाईंमुळे अशुभही वाटते. मी दापोलीकडचा असून कोकणाशी या नावाचा जुना संबंध आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अर्थाबद्दल फारसे सांगावे लागणार नाही. ‘नन्द्’ या धातूला ‘आ’ हा उपसर्ग लागून ‘आनंद’ हा शब्द तयार झाला आणि ज्याच्या ठायी आनंद आहे तो ‘आनंदिन्’. संस्कृतात याचे पुल्लिंगी रूप ‘आनंदी’ आणि स्त्रीलिंगी रूप ‘आनंदिनी’ होते, त्यामुळे एखादे शास्त्रीबुवा बारशाला हे नाव ऐकून हरकत घेऊ शकतील. मराठीत मात्र आनंदी मुलगा आणि आनंदी मुलगी यांत विशेषणाचे रूप बदलत नाही, शिवाय ईकारान्त नाव मुलीचे म्हणून कानाला सरावाचे आहे. तेव्हा शब्द संस्कृत असला तरी नाव मराठी वळणाचे आहे असेच मी मानतो.

अर्थापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती या नावाची वाट. आपण आज पाळण्यातल्या मुलीसाठी हे नाव पाहत आहात, पण मागच्या पिढ्यांत ते पुष्कळदा सासरी मिळालेले नाव असे. लग्नात तबकात तांदूळ पसरून नवरा मुलगा सोन्याच्या अंगठीने त्यात वधूचे नवे नाव लिहितो आणि पेढे वाटून ते सर्वांना सांगितले जाते, हा विधी आपण पाहिला असेलच. कल्याणला 1865 साली जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना होते. वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाल्यावर त्या आनंदी झाल्या, पुढे पोस्टातल्या नवऱ्याच्या बदलीबरोबर अलिबागला राहिल्या आणि 1886 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला वैद्यकीची पदवी मिळवणाऱ्या झाल्या. देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई बालविधवा झाली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली आणि 1893 साली मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली; त्यांनाच पुढे लोक बाया कर्वे म्हणत. या विवाहामुळे मुरूडकरांनी कर्व्यांवर बहिष्कार टाकला होता.

दोघींची माहेरची नावे नद्यांची होती आणि सासरचे नाव एकच होते. असे का व्हावे, याचा माझा तर्क असा आहे की, सासरचे नाव निवडताना शक्यतो नवऱ्याच्या नावाशी जुळणारे पाहत, म्हणजे नारायणाला लक्ष्मी आणि शंकराला उमा. परंतु धोंडोसारख्या नावाला जोडी कुठून आणणार? आनंदी हे नाव कोणत्याही देवाच्या वाट्याचे नसल्यामुळे ते कोणाच्याही शेजारी शोभते. (गोपाळाला यमुना खरे तर फारच जुळत होती, तरीही गोपाळरावांनी ती बदलली. ते गृहस्थ कोणत्याच बाबतीत रूढीने चालणारे नव्हते.)

आता पेशवीणबाईंकडे वळतो. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई गुहागरच्या ओकांच्या, म्हणजे त्याही कोकणातल्याच. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ त्यांनीच केले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती आख्यायिका आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी दोषी धरले ते राघोबादादांना. तरीही रघुनाथ हे नाव अशुभ म्हणून कोणी टाकल्याचे मी ऐकलेले नाही. आमच्याकडे तर वाडीत निदान एक रघुनाथ असतोच. नवऱ्याच्या नावाला जो दोष लागला नाही तो बायकोच्या नावाला का लावावा, एवढे आपण घरात नम्रपणे विचारू शकता.

नाव मागे पडले हे खरे आहे, पण त्याचे कारण मला पेशवाईत सापडत नाही. यमुना, गोदावरी, द्वारका, सुभद्रा ही नावेही त्याच सुमारास गेली आणि त्यांच्या माथी कोणताही खून नव्हता. ‘बाई’ लावून हाक मारण्याची ती सगळी पिढीच मागे सरली, आणि आनंदीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली: लग्नात नाव बदलण्याची चाल उणावत गेल्यावर तिचा सासरकडचा झराच आटला. आजही आमच्या गावच्या मतदारयादीत आनंदी हे नाव दिसते ते बहुधा सत्तरी ओलांडलेल्या बायकांचे. मात्र 2008 साली ‘बालिका वधू’ ही हिंदी मालिका सुरू झाली आणि तिच्या छोट्या नायिकेचे नाव आनंदी होते, त्यानंतर हे नाव तरुण आईबापांच्या कानावर नव्याने पडू लागले. ‘बाई’ गळून पडल्यावर ते तीन अक्षरी, जोडाक्षर नसलेले आणि कोणत्याही प्रांतात सहज उच्चारता येणारे नाव उरते, त्यामुळे जुनाटपणाचा आक्षेप मला मान्य नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. पत्रिका पाहणाऱ्यांना ‘अ’ हे कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचे अक्षर, म्हणजे मेष रास, असे वाटेल. मुलीचे नक्षत्र वेगळे असल्यास नावरसाचे नाव निराळे ठेवून आत्याने कानात ‘कुर्र’ करताना आधी ते आणि मग आनंदी असे सांगावे, म्हणजे वडीलधाऱ्यांचेही समाधान होते. दुसरे असे की, कोकणात नाव पूर्ण उच्चारण्याचा कंटाळा फार. आनंदीची आंदी, नंदी किंवा आनू होणारच. ‘नंदी’ नको असेल, तर घरातले लाडके नाव बारशाच्या दिवशी आपणच ठरवून टाकावे.