चांगल्या दिवशी सगळं उरकू नका

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून एका ताईंनी पत्र लिहिलंय. वय ५६. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी त्या न्यू जर्सीला गेल्या होत्या. तिथे मागच्या अंगणात गोचीड चावली, मांडीवर लाल चट्टा उठून पसरत गेला आणि डॉक्टरांनी लाइम डिसीझचं, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या जिवाणूसंसर्गाचं, निदान केलं. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण झाला. तरी मधूनच गुडघे ठणकतात, अंग गळून जातं, बोलताना शब्द आठवत नाहीत. यंदा गौरी उठल्या आणि पुढचा आठवडा त्या अंथरुणात होत्या. यजमान म्हणतात, रिपोर्ट तर नॉर्मल आहेत. जाऊबाई म्हणतात, मनाचे खेळ. लेकीने तिकडचं एक क्लिनिक सुचवलंय, तिथे महिनोन् महिने सलाइनमधून अँटिबायोटिक देतात. तिला मे महिन्यात दुसरं बाळ व्हायचंय आणि आईचं तिकीट कधीचं काढू, असं ती विचारतेय. ताईंचे प्रश्न दोन: आजार उलटला का? आणि लेकीला नाही कसं म्हणू?

ताई,

तुमचं दुखणं खरं आहे. लाइमवर योग्य औषध पूर्ण घेतलेल्या १०० जणांतल्या ५ ते १० जणांना थकवा, सांधेदुखी आणि डोक्यातला हा धूसरपणा सहा महिन्यांहून जास्त काळ छळतो. तो नेमका कशाने होतो हे अजून उलगडलेलं नाही, पण बहुतेकांना हळूहळू उतार पडतो. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून थकवा खोटा ठरत नाही, एवढं वाक्य यजमानांना वाचून दाखवा. उलट बाजूही सांगते: लाइमच्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिनं, उपचारानंतरही कित्येक वर्षं रक्तात सापडू शकतात. तेव्हा ती तपासणी पुन्हा करून पॉझिटिव्ह आली तरी आजार परतला असं समजू नका.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी थांबले. ‘दोन दिवस बरं वाटलं म्हणून मी माळासुद्धा आवरून घेतला.’ आणि त्याच्यावर लगेच गौरी. आवाहन, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, संध्याकाळी हळदीकुंकू, पुन्हा विसर्जन. तीन दिवस तुम्ही उभ्या होतात, कारण त्या वेळी उभं राहवत होतं. या दुखण्यात श्रमाचा हिशोब बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी येतो, म्हणून त्याचा आणि श्रमाचा संबंध लागत नाही. आपल्याला वाटतं, काही न करता उलटलं. मग पडून राहायचं, उठलं की राहिलेलं सगळं एका दमात उरकायचं, आणि पुन्हा पडायचं. तुम्हाला मोडायची आहे ती ही साखळी.

चांगल्या दिवशी जेवढं झेपेल असं वाटतं, त्याच्या निम्म्यावर थांबा. दमल्यावर नव्हे, दमण्याआधी बसा. पोळ्या बसून लाटा, भाजी आदल्या दिवशी निवडून ठेवा, कमाटीबागेतली फेरी अर्धी करा. पुढच्या वर्षी गौरींना पुरणपोळ्या बाहेरून आणल्या तर देवी रागावणार नाही, असं मला मनापासून वाटतं. कालनिर्णयच्या चौकोनात रोज तीन गोष्टी टिपा: झोप कशी झाली, जास्तीचं काय केलं, दुखणं दहापैकी किती. दोन-तीन महिन्यांत तुमच्या अंगाची चाल तुम्हालाच दिसेल, आणि डॉक्टरांपुढे तो कागद तुमच्या बाजूने बोलेल.

दुखणं उसळेल तेव्हा दिवसच्या दिवस पडूनही राहू नका. घरातल्या घरात थोडं चाला, गुडघे शेकून हलके हलवा, रात्रीची झोपेची वेळ मोडू नका. स्वयंपाक त्या दिवसांत दुसऱ्याने करायचा, हे घरात आधीच ठरलेलं असू द्या.

मात्र प्रत्येक दुखणं लाइमच्या खात्यावर टाकू नका. गौरींचे दिवस म्हणजे पावसाळा, आणि आपल्याकडे त्याच सुमाराला चिकुनगुनिया असतो. त्यातही सांधे महिनोन् महिने धरतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. आणि तोंड वाकडं झालं, छातीत धडधडलं, चक्कर येऊन पडलात, गुडघा टम्म सुजला, ताप आला किंवा मान आखडून डोकं जबर दुखलं, तर कालनिर्णयात टिपत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

त्या सलाइनच्या बाबतीत मी स्पष्ट नाही म्हणेन. नेदरलँड्समधल्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रेंगाळलेल्या त्रासासाठी काहींना १२ आठवडे जास्तीची अँटिबायोटिक दिली, काहींना औषध नसलेल्या गोळ्या. दोन्ही गटांच्या तब्येतीत फरक दिसला नाही. शिरेवाटे लांबलेल्या उपचारात जंतुसंसर्गाचा आणि आतड्यांच्या गंभीर जुलाबांचा धोका असतो, तो वेगळाच.

आता लेक. तिच्याच अंगणात हे झालं म्हणून तिला अपराधी वाटेल, या भीतीने तुम्ही दोन वर्षं फोनवर ‘बरी आहे गं’ म्हणताय. म्हणून तर तिला वाटतं की आई येईल आणि घर हातात घेईल. तिला या आठवड्यातच सांगा: ‘माझा एक दिवस बरा जातो, दोन जात नाहीत. मी येईन, पण स्वयंपाक आणि रात्रीची जागरणं माझ्याच्याने होणार नाहीत. त्यासाठी बाई बघ. मी बाळाला मांडीवर घेईन आणि तुझ्याजवळ बसेन.’ एवढं ऐकूनही ती ये म्हणाली तर जा. प्रवासाचीच धास्ती वाटत असेल तर नाही म्हणा, तेही आईपण सोडणं नव्हे.

जायचं ठरलं तर एक लक्षात ठेवा, लाइम पुन्हा होऊ शकतो. मे ते जुलै तिथे खसखशीएवढ्या पिल्लू गोचिडी फिरतात. पालापाचोळ्यात आणि उंच गवतात पाऊल नको. फिकट कपडे घाला, सलवार मोज्यांत खोचा, अंगाला डीट (किडे दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम लावा. घरात आल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ करा आणि गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, केसांच्या मुळाशी लेकीकडून बघून घ्या. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल किंवा पेटती काडी लावू नका. २४ तासांच्या आत निघाली तर सहसा संसर्ग होत नाही. तरी तिथल्या डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा, कारण काही वेळा ७२ तासांच्या आत एकच डोस देऊन आजार टाळता येतो.

निदानाचा कागद आणि कोर्स किती दिवसांचा होता ते लिहून पर्समध्ये ठेवा. प्रवासविमा घेताना हा आजार लपवू नका. अशा पॉलिसीत जुन्या आजारांचा खर्च बऱ्याचदा धरत नाहीत, तेव्हा पैसे भरण्याआधी जावईबापूंना सगळी कलमं वाचायला लावा.