सोयाबीन पेरणीपूर्वी यंत्रांविषयी : इंदूर परिसरातील शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

सांवेर, देपालपूर आणि महू भागांतील मराठी शेतकरी बंधुभगिनींच्या पत्रांत चार प्रश्न आहेत : चार एकरांसाठी कर्ज काढून ट्रॅक्टर घ्यावा का, भाड्याच्या यंत्राने पेरलेले सोयाबीन कुठे दाट, कुठे विरळ का उगवते, रोटाव्हेटर दोनदा फिरवूनही शेतात पाणी का साचते, आणि घरच्या बियाण्याची मळणी कशी करावी.

ट्रॅक्टर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या खर्चाचा हिशेब मांडताना वर्षाला हजार तास काम धरण्याची पद्धत आहे. चार एकरांवर खरीप व रब्बी मिळून त्याचा दहावा हिस्सा काम निघणेही अवघड, आणि व्याज, विमा व घसारा मात्र ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा असला तरी चालूच राहतात. गावात आधीच चार ट्रॅक्टर भाड्याने फिरत असतील, तर पाचव्याला काम मिळेल या भरवशावर राहू नये. कस्टम हायरिंग केंद्रातून, म्हणजे शेतीयंत्रे भाड्याने देणाऱ्या केंद्रातून, यंत्र आणणेच परवडते. वाफसा (पेरणीजोगी ओल) मात्र सगळ्यांच्या शेतात एकाच वेळी येतो, म्हणून नोंदणी मे महिन्यातच करावी, आणि लागून शेते असलेल्या पाच-सहा जणांनी मिळून यंत्र मागवावे, म्हणजे केंद्राचाही फेरा वाचतो.

विरळ उगवणीचा दोष दर वेळी बियाण्याला दिला जातो. प्रत्यक्षात यंत्र आदल्या दिवशी दुसऱ्याच्या वाणासाठी लावलेले असते आणि आपल्या बांधावर आल्यावर बियाण्याचे प्रमाण ठरवणारा दांडा कोणी हलवत नाही. यावर उपाय म्हणजे पेरणीपूर्वी केलेली मोजणी. यंत्र जमिनीपासून उचलून धरावे, ज्या चाकाच्या फिरण्याने बी पडते त्यावर खडूने खूण करावी आणि प्रत्येक नळीला पिशवी बांधून चाक हाताने 20 वेळा फिरवावे. चाकाचा घेर 1.25 मीटर असेल, तर यंत्र 25 मीटर चालले असे होते. 45 सेंमी अंतरावरच्या 5 फणांची रुंदी 2.25 मीटर, म्हणजे क्षेत्र 56.25 चौरस मीटर भरते. हेक्टरी 70 किलो बियाणे हवे असल्यास पाचही पिशव्यांत मिळून सुमारे 394 ग्रॅम दाणे पडले पाहिजेत. शेतात चाक थोडे घसरत असल्याने वजन किंचित जास्त आले तरी चालेल, कमी चालणार नाही. पिशव्या वेगवेगळ्याही तोलाव्यात. एखादीत निम्मेच बी आले, तर त्या नळीत चिखल बसलेला असतो किंवा नळी दुमडलेली असते. चालकाला एकरामागे पैसे मिळतात, त्यामुळे तो घाईत असणार हे समजण्यासारखे आहे, तरी हा अर्धा तास त्याच्याकडून मागून घ्यावाच. बी 3 ते 4 सेंमी खोल पडावे. त्याहून खोल गेलेल्या बियाला, वर पाऊस पडून पापुद्रा धरला की, बाहेर पडता येत नाही.

रोटाव्हेटर माळव्याच्या काळ्या जमिनीचा वरचा थर पिठासारखा बारीक करतो, पण वर्षानुवर्षे तेवढ्याच खोलीवर चालल्याने खालची माती दाबली जाऊन घट्ट थर तयार होतो आणि पाणी त्यावरच अडते. दर तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एकदा खोल नांगरट करावी. रोटाव्हेटर फिरवायचाच असेल, तर एकदाच. इंदूरची सोयाबीन संशोधन संस्था शिफारस करते त्या रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरल्यास अतिवृष्टीत सरीतून पाणी निघून जाते आणि पावसाचा खंड पडल्यास वरंब्यातील ओल टिकते. बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्र हे काम पेरणीबरोबरच करते, म्हणून नोंदणी करताना तेच मागावे.

मळणीत ड्रमचा वेग मिनिटाला 350 ते 400 फेऱ्यांपुढे जाऊ देऊ नये. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते. वरून अख्खा दिसणारा दाणाही आतून दुखावला की उगवत नाही. मळणीयंत्रावर गव्हाचीच, म्हणजे ड्रम जास्त वेगाने फिरवणारी, पुली असेल, तर ती बदलल्याशिवाय बियाण्याचा ढीग यंत्रात घालू नये.