वाचकांचे प्रश्न : हीप क्रमाने नसतो, मग त्याचा उपयोग काय?

प्रश्न : संगणकात आकडे क्रमाने लावण्याच्या हीप सॉर्ट या पद्धतीत आधी ‘हीप’ रचतात, पण तो रचून झाल्यावरही आकडे क्रमाने लागलेले दिसत नाहीत. मग हा खटाटोप कशासाठी? शिवाय क्विक सॉर्ट (आकड्यांचे पुन्हा पुन्हा दोन भाग पाडत क्रम लावणारी पद्धत) बहुधा अधिक वेगवान ठरत असताना ही पद्धत प्रत्यक्षात कुठे वापरतात?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. हीप क्रमाने लागलेला नसतो आणि तो तसा नसण्यातच त्याची खुबी आहे. हीपची अट एवढीच की प्रत्येक आकडा त्याच्या खालच्या दोन आकड्यांपेक्षा, म्हणजे त्याच्या ‘अपत्यां’पेक्षा, लहान नसावा. शेजारी शेजारी असलेल्या आकड्यांत लहानमोठे कोण, याची तो फिकीर करत नाही. त्यामुळे सर्वांत मोठा आकडा आपोआप माथ्यावर येतो, आणि पुढच्या कामाला तेवढेच पुरते. ही रचना झाडासारखी कल्पायची असली तरी त्यासाठी वेगळी जागा लागत नाही, कारण साध्या अ‍ॅरेत (ओळीने मांडलेल्या खणांत) एकपासून क्रमांक दिले तर ‘क’ स्थानाची अपत्ये दोन ‘क’ आणि दोन ‘क’ अधिक एक या स्थानांवर सापडतात.

12, 7, 25, 18, 9, 31 हे सहा आकडे घेऊ. ज्याला अपत्य आहे असे शेवटचे स्थान तिसरे. तेथील 25 पेक्षा त्याखालचा 31 मोठा, म्हणून त्यांची अदलाबदल. दुसऱ्या स्थानावरच्या 7 खाली 18 आणि 9 आहेत. त्यांतला मोठा 18 वर येतो. मग माथ्यावरचा 12 आधी 31 शी आणि खाली उतरल्यावर 25 शी जागा बदलतो. हाती येतो 31, 18, 25, 7, 9, 12. आता 31 आणि शेवटचा 12 यांची अदलाबदल करून 31 ला कायमचे शेवटी बसवायचे आणि माथ्यावर आलेल्या 12 ला उरलेल्या पाच आकड्यांत योग्य जागी उतरवायचे, म्हणजे 25, 18, 12, 7, 9 असा नवा हीप मिळतो. हेच पुन्हा पुन्हा केले की अ‍ॅरे मागच्या टोकाकडून क्रमाने लागत येतो. प्रत्येक आकड्याला जास्तीत जास्त झाडाच्या उंचीएवढ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, आणि दहा लाख आकड्यांच्या झाडाचीही उंची वीसच्या आतच राहते.

ही पद्धत जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी 1964 मध्ये मांडली. त्याच वर्षी रॉबर्ट फ्लॉइड यांनी हीप खालून वर रचण्याची वर दाखवलेली रीत दिली. सुमारे निम्म्या आकड्यांना अपत्येच नसल्याने त्यांच्यासाठी काहीच करावे लागत नाही आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना थोड्याच पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणून या रीतीने हीप रचण्याचे काम आकड्यांच्या संख्येच्या प्रमाणातच वाढते. (संगणकाच्या स्मृतीतल्या ज्या भागाला ‘हीप’ म्हणतात, त्याचा या हीपशी नावापलीकडे संबंध नाही, विद्यार्थी येथे हमखास गोंधळतात.)

क्विक सॉर्ट सरासरीत पुढे असतो हे खरे. हीप सॉर्ट अ‍ॅरेत लांबलांब उड्या मारत असल्याने प्रोसेसरच्या कॅशचा (जवळच्या जलद स्मृतीचा) त्याला फारसा लाभ मिळत नाही, आणि समान किमतीच्या नोंदींचा मूळ क्रमही तो टिकवत नाही. पण क्विक सॉर्टची गाडी प्रतिकूल आकड्यांवर घसरली की तुलनांची संख्या आकड्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दहा लाख आकड्यांसाठी ती सुमारे पन्नास हजार कोटींच्या घरात जाऊ शकते, तिथे हीप सॉर्टचे काम काही कोटींतच उरकते. शत्रुत्वाने निवडलेला डेटा देऊन यंत्रणा मुद्दाम मंदावता येऊ नये आणि जादा स्मृतीही लागू नये, या कारणांसाठी लिनक्स या संगणक प्रणालीच्या कर्नलमधील (गाभ्यातील) सर्वसाधारण सॉर्ट हीप सॉर्टवर आधारलेला आहे. डेव्हिड मसर यांनी 1997 मध्ये मांडलेला इंट्रोसॉर्ट आरंभ क्विक सॉर्टने करतो आणि विभागणी फाजील खोल जाऊ लागली की हीप सॉर्टकडे वळतो. सी प्लस प्लसच्या प्रचलित लायब्ररींत हीच युक्ती आढळते.

माझ्या मते मात्र हीपची खरी कमाई सॉर्टिंगबाहेर आहे. ज्यांत दर क्षणी सर्वांत निकडीचे काम उचलायचे असते अशा प्रायॉरिटी क्यू आणि डायक्स्ट्रांची लघुतम मार्ग शोधण्याची पद्धत ही त्याची नेहमीची ठिकाणे. दहा लाख आकड्यांतले सर्वांत मोठे शंभर हवे असतील, तर सगळे क्रमाने लावण्याचे कारणच नाही : शंभरांचा उलटा हीप ठेवावा, ज्याच्या माथ्यावर सर्वांत लहान आकडा असेल, आणि नवा आकडा त्याहून मोठा निघाला तरच माथ्यावरचा काढून त्याला आत घ्यावा.