वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलेली गोळी) नवीन सुरू झालीय? मग हे वाच

अरे, आधी घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढ, मल्टीव्हिटॅमिनची बाटलीपण, आणि मागचं लेबल वाच, व्हिटॅमिन के आहे का ते, कारण के वाढलं की वॉरफरिनचा असर कमी होतो आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा, जास्त म्हणजे रक्त उशिरा गोठतं) खाली येतो. पालेभाज्या बंद नाही करायच्या हं, फक्त प्रमाण साधारण सारखं ठेवायचं. डोकं दुखलं म्हणून मनानेच ॲस्पिरिन तर नकोच, तिने प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणारी पेशी) एकदा निकामी झाली की मरेपर्यंत, म्हणजे ७ ते १० दिवस, तशीच राहते. मी शहाणा, अँटिबायोटिक चालू केलं ते डॉक्टरांना सांगितलंच नाही, चौथ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतल्या रक्ताने ब्रश लाल, आयएनआर ५ च्या वर. आणि घाबरून वॉरफरिन स्वतःहून सोडू नकोस, आधी फोन कर.