सुटकेआधीच मेडिकेडच्या मागे लागा

तुमचा भाऊ दोन महिन्यांनी काउंटी जेलमधून सुटतोय, त्याला इन्सुलिन लागतं, आत जाण्याआधी मेडिकेड (अमेरिकेतला कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) होतं. ते आपोआप सुरू होईल का, असं तुम्ही विचारलंय. त्यावर विसंबून राहू नका.

मेडिकेड १९६५ मध्ये आलं तेव्हापासून त्यातला केंद्राचा पैसा कैद्याच्या उपचारांवर खर्च करता येत नाही. मोठा अपवाद म्हणजे बाहेरच्या हॉस्पिटलात किमान २४ तास ॲडमिट राहावं लागलं तर. त्यामुळे कितीतरी राज्यं माणूस आत गेला की नावच काढून टाकायची. १ जानेवारी २०२६ पासून नाव न काढता कव्हरेज फक्त स्थगित ठेवायचं, असा नियम सगळ्या राज्यांना आहे. पण स्थगिती उठायला सुटकेची खबर मेडिकेड ऑफिसपर्यंत पोचावी लागते, आणि काउंटी जेलमधून माणूस कधी कधी रात्री-अपरात्री सुटतो. म्हणून आत्ताच जेलच्या केस मॅनेजरला गाठा. कव्हरेज स्थगित आहे की बंद झालंय, एवढं आधी विचारा. बंद असेल तर नवा अर्ज आत असतानाच भरता येतो. अर्जावर तुमच्या घरचा पत्ता द्या, कारण पत्राला उत्तर गेलं नाही की केस बंद होते.

घाई का करायची, तेही सांगतो. वॉशिंग्टन राज्यातल्या सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतरांच्या १२.७ पट निघाला, आणि त्यात सर्वांत मोठं कारण ड्रग ओव्हरडोसचं होतं. इन्सुलिनवाल्या माणसाला तर दोन दिवसांचा खंडही परवडत नाही. कॅलिफोर्नियाला जानेवारी २०२३ मध्ये सर्वांत आधी परवानगी मिळाली: सुटकेआधी ९० दिवसांपर्यंत काही सेवा मेडिकेडमधून, आणि बाहेर पडताना औषधं हातात. नंतर बऱ्याच राज्यांना ती मिळाली. तुम्ही राज्य लिहिलेलं नाही, पण कुठलंही असो, सुटताना इन्सुलिन, सुया आणि प्रिस्क्रिप्शन मागून घ्याच.

उत्पन्नामुळे मेडिकेड नाकारलं, तर सुटकेपासून ६० दिवसांत मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारच्या विमा-बाजारातला खाजगी विम्याचा, प्लॅन घेता येतो. तोवर कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये जा. पैसे नाहीत म्हणून ते परत पाठवत नाहीत.

आणि पॅरोल किंवा प्रोबेशनवर असला तरी तो मेडिकेडला पात्र राहतो. शिक्षा संपलेली नाही या सबबीवर कोणी अर्ज परत केला, तर नकार लेखी मागा आणि अपील करा.